खाणीतला दगड : ब्रासने विकायचा की नगाने?

दगडाच्या खाणीचा धंदा आपल्या परिचयाचा आहे. सुरुंग लावायचा, डबर फोडायचे, क्रशरमध्ये टाकायचे, खडी, कच आणि क्रश सँड वेगळी करायची आणि डंपर भरून बांधकामावर पाठवायचा. सारा हिशेब ब्रासचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. खाणमालक, कंत्राटदार, डंपरवाले, कॉम्प्रेसर चालवणारे, सुरुंग लावणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे मजूर अशा असंख्य लोकांची रोजी या ब्रासवर चालते.

परंतु याच खाणीतून आणखी एक माल निघतो. त्याचा हिशेब ब्रासने होत नाही, नगाने होतो. त्याचे गिर्‍हाईक बांधकामावर नसून अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांत असते. हा माल म्हणजे दगडाच्या पोकळीत सापडणारे स्फटिक. खडीवाल्याच्या दृष्टीने पोकळीचा दगड म्हणजे खराब दगड, म्हणून हा माल बहुतेक वेळा क्रशरच्या जबड्यात जातो. कारण एकच, तो ओळखणारा माणूस खाणीवर हजर नसतो. ही ओळख व्हावी, तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही कळावी, म्हणून आजचा हा लेख.

दगड आला कोठून?

महाराष्ट्राचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणचा काही भाग सोडला तर राज्याचा बहुतांश भाग याच दगडाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो शंकूसारखा डोंगर करून थांबला नाही, तर पाण्यासारखा दूरवर पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थरावर थर चढत गेले. आज या दगडाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी सुमारे २ किलोमीटर भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. घाटात उभे राहिले की डोंगर पायर्‍या-पायर्‍यांचे दिसतात, ते याच थरांमुळे. भूशास्त्रात या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ जिना असाच आहे.

हा दगड मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या खनिजांच्या बारीक कणांचा बनलेला असतो. लोहाची काळी खनिजे आणि थोडी काचही त्यात असते. लाव्हा लवकर थंड झाल्यामुळे कण मोठे होऊ शकले नाहीत. म्हणूनच हा दगड घट्ट, जड आणि चिवट आहे आणि म्हणूनच खडीला उत्तम आहे.

खाणीची उभी भिंत नीट पाहिली तर एका थराची रचना ध्यानात येते. खालचा आणि मधला भाग घट्ट, काळा. हाच खडीवाल्याचा आवडता माल. वरचा भाग भोकाभोकांचा, कारण लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग थिजताना तेथेच अडकले. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या दगडाची झीज होऊन तयार झालेला हा थर. विहीर खोदणार्‍यांना हे सारे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काळा पाषाण लागला की पाणी मिळण्याची आशा कमी आणि भोकाचा, ठिसूळ दगड लागला की आशा अधिक, हा त्यांचा हिशेब याच रचनेवर आधारलेला आहे.

पोकळीत काय भरले?

लाव्हा थिजून गेल्यानंतर बर्‍याच काळाने या बुडबुड्यांत आणि भेगांत गरम पाणी खेळले. पाण्याने भोवतालच्या दगडातून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर थरथर करून बसवली. बुडबुडा बदामाएवढा असेल तर तो पूर्ण भरून गेला. पोकळी मोठी असेल तर मध्ये जागा राहिली आणि त्या मोकळ्या जागेत स्फटिकांना आपला आकार घेता आला. घट्ट दगडात खनिजाला वाढायला जागाच नसते, पोकळीत ती मिळते. खडीवाल्याच्या लेखी जो दगडाचा दोष, तोच या मालाचा जन्मदाता.

या पोकळ्यांत मिळणारा मोठा गट म्हणजे झिओलाइट. सन १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या शास्त्रज्ञाने हे नाव दिले. खनिज तापवताच त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखे दिसले, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' या अर्थाचे नाव. झिओलाइटच्या अंगात अतिसूक्ष्म वाटा असतात आणि त्यांत पाणी साठते. तापवले की पाणी निघते, थंड केले की पुन्हा शोषले जाते.

येथे एक सावधगिरीची सूचना. झिओलाइट साबणाच्या पावडरीत आणि तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांत लागतो, हे ऐकून काही मंडळी हा माल टनाने विकण्याची स्वप्ने पाहतात. त्या कामांसाठी वापरला जाणारा झिओलाइट प्रामुख्याने कारखान्यात तयार केलेला असतो. आपल्या खाणीतला झिओलाइट पोकळ्यांत विखुरलेला आहे. त्याची किंमत वजनात नाही. आकार, रंग आणि अखंडपणा यांत आहे.

माल ओळखावा कसा?

तज्ज्ञ होण्याची गरज नाही. पुढील काही खुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ काम होते.

१) स्टिल्बाइट : पांढरा, पिवळट किंवा पीचच्या फळासारखा गुलाबी. मध्ये बांधलेली, दोन्ही टोकांना पसरलेली गवताची पेंढी असावी तसा आकार. मोत्यासारखी चमक.

२) ह्यूलँडाइट : चकाकणारे, चपटे स्फटिक. मोत्यासारखी चमक यातही असते, परंतु पेंढीचा आकार नसतो.

३) अ‍ॅपोफिलाइट : काचेसारखे पारदर्शक, चौकोनी किंवा टोकदार स्फटिक. हा झिओलाइट नव्हे, परंतु त्याच्याच सोबतीने राहतो. रंगहीन, पांढरा आणि हिरवाही मिळतो. हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो आणि तो माल अधिक मोलाचा.

४) स्कोलेसाइट : एका बिंदूतून फुटलेल्या पांढर्‍या सुया. हात लागला की मोडतात.

५) ओकेनाइट : कापसाच्या बोंडासारखे पांढरे, मऊ गोळे. यांना बोट लावले की तंतू चिकटून बसतात आणि माल खराब होतो.

६) कॅल्साइट आणि गार : दोन्ही पांढरे, म्हणून फसगत होते. कॅल्साइटवर सौम्य आम्ल टाकले की फेस येतो, गारेवर येत नाही. गारेने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही.

आणखी एक गोष्ट. कठीणपणाच्या मापात गारेचा क्रमांक ७ आहे. अ‍ॅपोफिलाइट ५ च्या आसपास आणि स्टिल्बाइट ४ च्या आसपास. त्यामुळे हे खडे अंगठीत बसवण्याच्या कामाचे नाहीत. हा संग्राहकांचा, संग्रहालयांचा आणि शोभेचा माल आहे.

वाघोलीची निळी कथा

एका खाणीने जगाच्या बाजारात नाव कसे कमावले, याचे उदाहरण पुण्याजवळ वाघोलीला आहे. सन १९६७ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात निळ्या रंगाचे एक नवे खनिज सापडले. त्यात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका असल्याने तिन्हींची आद्याक्षरे जोडून त्याला कॅव्हनसाइट असे नाव मिळाले. तेथे ते अगदी थोडे होते. पुढे हेच खनिज वाघोलीच्या दगडखाणींत निघाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणात बाजारात आले. पांढर्‍या स्टिल्बाइटवर बसलेली गर्द निळी फुले पाहून जगभरचे संग्राहक थक्क झाले. त्याच घटकांचे, परंतु वेगळ्या रचनेचे पेंटॅगोनाइट हे त्याहून दुर्मीळ खनिजही वाघोलीला मिळाले. आज जगातील कोणत्याही नामवंत संग्रहात निळे कॅव्हनसाइट दिसले तर ते बहुधा वाघोलीचे असते. ज्या खाणी केवळ खडीसाठी खोदल्या गेल्या, त्यांचे नाव खनिजशास्त्राच्या पुस्तकांत गेले.

वाघोली एकटीच नाही. पुण्याच्या पाषाण भागातून हिरवे अ‍ॅपोफिलाइट निघाले. मुंबईत मालाड आणि कांदिवलीच्या खाणींतून हिरवट प्रेहनाइट मिळाले. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा येथून २००१ च्या सुमारास हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे असे गोल झुबके निघाले की परदेशी व्यापार्‍यांनी त्यांची तुलना नाचघरातल्या चमकत्या गोळ्याशी केली. जळगाव आणि नाशिक जिल्ह्यांतील खाणींची नावेही परदेशी व्यापार्‍यांच्या तोंडी असतात. सिन्नरला तर २००१ पासून 'गारगोटी' हे खनिजांचे खास संग्रहालय उभे आहे. खाणीवर काम करणार्‍या प्रत्येक तरुणाने ते एकदा पाहावे. आपण रोज काय फोडतो, हे तेथे काचेच्या कपाटात मांडलेले दिसेल.

नफा कोणाच्या पदरात?

आता मुख्य प्रश्न. स्फटिकांची पोकळी सर्वप्रथम कोणाला दिसते? पोकलेन चालवणार्‍याला किंवा घण मारणार्‍या मजुराला. बाजारात मात्र हा माल फेब्रुवारीत अमेरिकेतील टुसॉनच्या आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील म्युनिकच्या खनिज प्रदर्शनात विकला जातो. टुसॉनचे प्रदर्शन १९५५ पासून भरते. या दोन टोकांच्या मध्ये खाणीवर फिरणारा खरेदीदार, साफसफाई करणारा, निर्यातदार आणि परदेशी व्यापारी अशी साखळी असते. मजुराच्या हाती अनेकदा चहापाण्याचे पैसे येतात आणि त्याच नगाला प्रदर्शनात डॉलरचा भाव मिळतो. मधल्या लोकांची मेहनत आणि जोखीम खोटी नाही. परंतु पहिल्या माणसाला मालाचे नावच ठाऊक नसेल तर त्याच्याशी झालेला सौदा बरोबरीचा कसा म्हणावा?

नाव ठाऊक असणे हेच येथे पहिले भांडवल आहे. दुसरे भांडवल म्हणजे हातातील संयम. पोकळी दिसली की घण थांबवावा. स्फटिक उपटून काढू नये, भोवतालच्या दगडासह छन्नीने सावकाश सोडवावा. काढलेला नग आधी मऊ कागदात, मग भुसा किंवा कापूस भरलेल्या खोक्यात ठेवावा. कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, कोणत्या तारखेला निघाला याची चिठ्ठी सोबत ठेवावी. चिठ्ठी असलेल्या नगाला संग्राहक अधिक मोल देतात. टोक मोडलेल्या स्फटिकाची किंमत मात्र एकदम घसरते.

खाणमालकांनाही आमची विनंती आहे. पोकळी निघाली आणि ती वाचवली तर मजुराला ठरावीक वाटा मिळेल, असा नियम खाणीवर आधीच जाहीर करावा. वाटा ठरलेला असेल तर मजूर माल लपवणार नाही आणि घाईने फोडणारही नाही. यात दोघांचेही हित आहे.

कायद्याची बाजू

बांधकामाचा दगड कायद्याच्या भाषेत गौण खनिज आहे. खाणी आणि खनिजांविषयीचा केंद्राचा कायदा १९५७ चा. त्यातील १५ व्या कलमाने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला असून महाराष्ट्राचे नियम २०१३ चे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानुसार खनिजांवरील हक्क शासनाचा आहे. विनापरवाना उत्खनन केल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून 'शेतात सापडले, म्हणजे माझेच' असे समजून खोदायला सुरुवात करू नये. जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकार्‍याकडे आधी चौकशी करावी.

दुसर्‍याच्या खाणीतून परवानगीवाचून नग उचलणे ही चोरीच आहे, मग तो नग क्रशरमध्ये जाणारा का असेना. खरेदी पावतीनेच करावी. निर्यात करायची असेल तर आयात-निर्यात कोड आणि जीएसटीची नोंदणी आधी करून घ्यावी. कागदपत्रे नीट असलेला छोटा व्यापारीही परदेशी गिर्‍हाइकाशी थेट बोलू शकतो. कागदपत्रे नसलेल्याला नेहमी दुसर्‍याच्या नावावर माल पाठवावा लागतो आणि नफाही त्याच्याच हाती सोडावा लागतो.

ऐब लपवू नका

या बाजारात खोट्याचाही सुळसुळाट आहे. ओकेनाइटचे पांढरे गोळे गुलाबी, निळ्या रंगात बुडवून विकले जातात. सुटे कॅव्हनसाइट दुसर्‍या दगडावर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवले जाते. एकदा फसलेला संग्राहक त्या व्यापार्‍याकडेच काय, त्या गावच्या मालाकडेही संशयाने पाहतो. डाग असेल तर दाखवून विकावा, जोडलेला नग जोडलेला म्हणूनच विकावा. भाव थोडा कमी येईल, पण गिर्‍हाईक परत येईल. तिजारतीचा हा जुना नियम दगडालाही लागू आहे.

अकीकचा धडा

अकीकचा खडा आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. तोही याच लाव्ह्याच्या पोकळ्यांचे देणे आहे. पोकळीत केवळ सिलिका पट्ट्यापट्ट्यांनी साचली की अकीक तयार होतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरात, या दगडाची झीज होऊन साचलेल्या गोट्यांच्या थरातून तो काढला जातो आणि खंभातच्या कारागिरांकडे जातो. भट्टीत भाजल्यावर त्यातील लोहाचा पिवळट रंग बदलून लाल होतो. मण्यांची ही कारागिरी त्या प्रदेशात फार जुनी आहे. हडप्पा काळातील लोथल येथे मणी बनवण्याची जागा सापडलेली आहे. अरबस्तानच्या बाजारपेठेत खंभातचा अकीक शतकानुशतके जात राहिला. दगड कच्चा न विकता त्यावर हुन्नर चढवला की त्याचे मोल किती वाढते, हे खंभातने दाखवले.

पण त्याच खंभातने दुसरे वास्तवही दाखवले. अकीक जवळजवळ पूर्णपणे सिलिकाचा असल्याने तो घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. मोल चढवणार्‍या हातांनीच आयुष्य गमावले, अशी कुटुंबे तेथे अनेक आहेत. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका फार कमी असते, म्हणून आपल्या खाणींचा धोका तेवढा नाही. तरीही क्रशरची धूळ निरुपद्रवी नव्हे. आणि गार किंवा अकीकला पैलू पाडण्याचे काम घरात सुरू करायचे असेल तर धोका खंभातइतकाच आहे. ओले घासणे, धूळ ओढणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी यांवाचून हे काम करू नये. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

सुरुंगाच्या बाबतीतही तसेच. स्फटिकाच्या लोभाने सुरुंग उडाल्यावर लगेच भिंतीखाली जाऊ नये. न उडालेला सुरुंग आणि सुटलेला दगड दोन्ही जीव घेतात. जबाबदार माणसाने जागा तपासून होकार दिल्यावरच पुढे जावे. कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला खाणीत कामाला लावता येत नाही. खाणीवरच्या मुलांची जागा शाळेत आहे.

वेळ थोडा आहे

शहरे वाढत आहेत आणि खाणी बंद पडत आहेत. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणींच्या परिसरात आता दाट वस्ती आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही बेसाल्टच्या उभ्या खांबांची सुमारे ६० मीटर उंचीची टेकडी आज एकटी उभी आहे, कारण तिच्या भोवतीचा दगड खोदून नेला गेला. खडीसाठी दुसरा डोंगर मिळतो. एकदा क्रशरमध्ये गेलेला स्फटिक पुन्हा मिळत नाही आणि त्याच्या जागी नवा उगवत नाही.

म्हणून खाणीशी ज्यांचा संबंध आहे, मग तो मालक म्हणून असो, डंपरवाला म्हणून असो वा मजूर म्हणून, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, वरील खनिजे ओळखायला शिकावीत आणि नमुने एका पेटीत नावानिशी ठेवावेत. दोन, खाणीवर वाट्याचा नियम आधी ठरवावा. तीन, पावती आणि परवाना यांवाचून एकही नग विकू नये. प्रत्येक खाणीत पोकळी निघेलच असे नाही. निघाली तर वर्षातून एखादीच निघेल. पण ज्या दिवशी ती निघेल त्या दिवशी घण थांबवणारा माणूस तेथे हजर असावा, एवढी तयारी आजपासून करता येते. त्यासाठी भांडवल लागत नाही.